दुसरी सही

सगळ्यात आधी सांगून टाकते. भूत, आत्मा, करणी, दृष्ट यातलं काहीही मी मानत नाही. आजही मानत नाही! आमच्या एका चुलत सासूबाईंच्या अंगात यायचं, तेव्हा सगळं घर हात जोडून बसायचं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकायचे. एकदा त्या घुमता घुमता मध्येच "पंखा वाढवा गं" म्हणाल्या आणि मला सगळ्यांसमोर फिस्सकन हसू आलं. त्यावरून आमच्या ह्यांनी माझ्याशी चांगला अबोला धरला होता. तर मी ही असली बाई. त्यामुळे आज मी इथे हे टाइप करतेय, याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटतंय.

या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसती वाचते. बहुतेक अनुभव रात्रीचे, सुनसान रस्त्यावरचे असतात. माझ्या अनुभवात रात्र नाही की सुनसान रस्ता नाही. मे महिन्यातली भर दुपार, पत्र्याचं शेड आणि आत घाम पुसत काम करणारी आम्ही माणसं... एवढंच. कुणाला थरारक वाटलं नाही तर सोडून द्या, मी रागावणार नाही.

मी एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनीअर. आता निवृत्त. म्हणजे विमान चालवत नाही, दुरुस्त करते आणि 'हे उडायला योग्य आहे' अशी सही करते. त्या सहीसाठी लायसन्स लागतं आणि ते मिळवता मिळवता जीव जातो. पंचवटीत आम्ही राहायचो तिथल्या बायकांना हे शेवटपर्यंत कळलं नाही. समोरच्या काकू सगळ्यांना सांगायच्या, "ही विमानात चहा देते." आणि मी घरी यायचे ते नखांत काळं ग्रीस आणि केसांना केरोसीनचा वास घेऊन. त्यांना वाटत असेल, कसली बाई ही विमान कंपनी!

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटी-शेवटीची. नाशिकहून आग्रा रोडने ओझरकडे जाताना एका बाजूला आमच्या छोट्या खाजगी कंपनीचं हँगर होतं. नाव लिहीत नाही, तसंही ती कंपनी आता राहिलेली नाही. छोटी विमानं यायची आमच्याकडे. दोन सीटची, चार सीटची, शिकाऊ पायलटांची, कुणा उद्योगपतींची. मी 'दहावा मैल' स्टॉपपर्यंत बसने आणि पुढे कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून जायचे.

हँगर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चकचकीत फरशी येते. आमचं म्हणजे पत्र्याचं शेड! मे महिन्यात वरचा पत्रा तापायचा, विमानाचं ॲल्युमिनियम तापायचं, हात टेकला की चटका. विमानाच्या शेपटात काम असलं की लहानशा झरोक्यातून खांद्यापर्यंत हात आत घालायचा, तोंड वाकडं करून आत बघायचं आणि घाम डोळ्यांत उतरला तरी पुसायला दुसरा हात मोकळा नाही. ओव्हरऑल पुरुषांच्या मापाचे, मी बाह्या दुमडून घालायचे. आणि कंपनीचे टॉर्च... स्टोअरमध्ये टॉर्च होते, पण त्यात बॅटऱ्या नसायच्या. मागितल्या की उत्तर ठरलेलं — "मागणी पाठवलीय." मग जो तो आपापली सोय करायचा.

एक गोष्ट मात्र आमच्याकडे कडक होती, ती म्हणजे टूल बोर्ड. भिंतीवर मोठी फळी, त्यावर प्रत्येक पान्याची, स्क्रू ड्रायव्हरची आकृती काळ्या रंगाने रंगवलेली. पाना काढला की त्या जागी आपल्या नंबरचा पितळी बिल्ला टांगायचा. विमान बंद करण्याआधी बोर्ड बघायचा. एक जरी बिल्ला लटकलेला दिसला तरी विमान हलायचं नाही, कारण तो पाना कुठेतरी आत राहिलेला असू शकतो. बोर्ड भरलेला दिसला की सगळे निश्चिंत.

आणि दुसरी कडक गोष्ट दोन सह्यांची. विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या, वळवणाऱ्या तारांना हात लावला की एक सही काम करणाऱ्याची, आणि दुसरी ज्याने त्या कामाला हातही लावलेला नाही अशा दुसऱ्या इंजिनीअरची. त्याने सगळं नव्याने तपासायचं. दुसरी सही नाही तर उड्डाण नाही. मग टेस्ट फ्लाइट. त्यात पायलटच्या शेजारी पहिली सही करणारा स्वतः बसायचा. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं, पण आमच्या शेडमध्ये ती रीतच पडली होती. आपण केलेल्या कामात आपण बसायचं, नाहीतर करायचं नाही.

आता देवरेभाऊ.

देवरेभाऊ माझ्याहून बरेच सीनिअर. मूळचे देवळ्याचे. कांद्याची शेती भावाकडे सोडून हे विमानांत आले. मराठी बोलता बोलता मध्येच अहिराणीत घसरायचे, चिडले की तर पूर्णच. मी कामाला लागले तेव्हा शेडमध्ये मी एकटीच बाई. "मॅडमला जमेल का?" असं चाललं होतं. भाऊंनी पहिल्याच दिवशी मला विमानाच्या पोटाखाली झोपवून गळती शोधायला लावली आणि मी शोधल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाईला जमतं. आता तुम्ही तुमचं बघा!" तेव्हापासून मी त्यांची 'बाई' आणि ते माझे भाऊ. राखीपौर्णिमेला सुट्टी नसली तर मी शेडमध्येच राखी बांधायचे. चेष्टेखोर इतके की विचारू नका. माझ्या डब्यातली भाजी खाऊन वर "मीठ कमी शे" म्हणायचे.

त्या दिवशीचं विमान दोन सीटचं होतं, एका इंजिनाचं. शेपटातल्या जुन्या तारा झिजल्या होत्या, त्या भाऊंनी नव्या घातल्या. दोन दिवस ते शेपटात हात घालून होते. त्या दिवशी सकाळी काम संपलं, झरोका बंद झाला, बोर्ड भरला, भाऊंनी पहिली सही केली. दुसरी माझी.

आमचे मॅनेजर भालेराव साहेब सकाळपासून नाचत होते. विमान दुसऱ्या दिवशी पार्टीला, म्हणजे त्याच्या मालकाला द्यायचं होतं आणि संध्याकाळी आम्हाला धावपट्टी मिळत नसे. म्हणजे टेस्ट दुपारीच व्हायला हवी. दर थोड्या वेळाने ते ऑफिसच्या दारात येऊन ओरडायचे, "मॅडम, झालं का?" मीही काही कमी नाही. "होईल तेव्हा सांगते," म्हणायचे.

तपासणीतला शेवटचा भाग असा असतो. एकाने कॉकपिटमध्ये बसून दांडा हलवायचा. आमच्या भाषेत स्टिक. ती ओढली की शेपटावरची फळी वर उचलली जाते आणि हवेत विमानाचं नाक वर होतं. ढकलली की उलट. आत बसलेल्याला शेपूट दिसत नाही, म्हणून दुसरा माणूस शेपटापाशी उभा राहतो आणि फळी कुठे गेली ते मोठ्याने सांगतो. वर... खाली... वर. त्याच्या डोळ्यांवर आतल्याने विसंबायचं.

मी आत बसले. शेपटापाशी गावित उभे होते, आमचे मेकॅनिक, सुरगाण्याकडचे. दार उघडं होतं. बाजूची सीट रिकामी.

"ओढते!" मी ओरडले.

"वर!" गावित.

"ढकलते."

"खाली!"

सगळं छान. पण माझी सवय, एकदा पुरं होत नाही. थोडं थांबून, घाम पुसून मी परत ओढली. यावेळी अगदी शेवटपर्यंत, पोटाला लागेपर्यंत.

"वर," आवाज आला. पण गावितांचा नव्हे. देवरेभाऊंचा.

मला वाटलं, भाऊ हात-पाय धुवून आले असतील आणि गावितांना बाजूला करून स्वतः उभे राहिले असतील. म्हटलं, बरं झालं. मी स्टिक पुढे ढकलली. लोण्यासारखी गेली. कुठे खटका नाही, कुठे ओढ नाही.

"अडकलं," भाऊ म्हणाले.

"काय?"

"येत नाही खाली."

आवाज मोठा नव्हता. ओरडून सांगतात तसा नव्हताच. धाप लागलेल्या माणसाचा, दात-ओठ खाऊन जोर लावताना निघतो तसा होता. आणि माझ्या हातात तर स्टिक अगदी मोकळी होती! मी वैतागले. एवढ्या उकाड्यात, एवढ्या घाईत कसली चेष्टा? "भाऊ, आत्ता मस्करी नको हां!" असं म्हणत मी उतरले आणि मागे गेले.

शेपटापाशी कुणी नव्हतं.

गावित पार दुसऱ्या टोकाला, माठापाशी उभे राहून पाणी पीत होते. मला बघून ग्लास ठेवून धावत आले. "काय मॅडम? एकदा झालं ना, म्हणून मी पाणी प्यायला गेलतो."

"देवरेभाऊ कुठायत?"

"दिसलं नाय मला."

मी विमानाला वळसा घातला. पलीकडे नाही, पंखाखाली नाही, मागच्या नळावर नाही. मग मी गावितांना आत बसवलं आणि स्वतः शेपटापाशी उभी राहिले. वर, खाली. वर, खाली. त्यांना म्हटलं, जोरात ओढा. हळू ओढा. फळी अगदी हवी तशी हलत होती. मी टूल बोर्ड बघून आले. भरलेला. एकही बिल्ला नाही.

म्हणजे सगळं बरोबर होतं. पेन माझ्या हातात होतं, पॅडवर कागद होता, आणि माझा हात काही पुढे जाईना. मी स्वतःलाच शिव्या घातल्या. ऊन लागलंय तुला, म्हटलं. पाणी पी आणि कर सही.

तेवढ्यात धावपट्टीकडून जीप आली. त्यातून टेस्ट फ्लाइटचे कॅप्टन उतरले आणि त्यांच्यामागे देवरेभाऊ. केस नीट विंचरलेले, धुतलेला ओव्हरऑल, एकदम खुशीत.

"झाली का सही, बाई?"

"भाऊ... तुम्ही आत्ता शेपटापाशी होतात ना?"

"मी? मी तर केव्हाचा कॅप्टनसोबत टॉवरला शे. परमिशन आणली, चहा पण झाला."

मी कॅप्टनकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. "हां, मेरे साथ ही थे."

भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. खरंच सांगते, दंडावरचे केस उभे राहिलेले मी स्वतः बघितले.

आणि मी म्हणून टाकलं, "मी सही करणार नाही."

मग जे व्हायचं ते झालं. भालेराव साहेब ऑफिसातून तरातरा आले. "काय प्रॉब्लेम आहे?"

"शेपूट परत उघडायचं."

"का? काय सापडलं?"

"काही नाही सापडलं."

"मग?"

मी काय सांगणार? भाऊ टॉवरला चहा पीत होते आणि मला त्यांचा आवाज शेपटाकडून ऐकू आला, हे? मलाच कुणी असं सांगितलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं. "उघडल्याशिवाय सही नाही," एवढंच परत परत म्हणत राहिले.

साहेबांचा पारा चढला. "मॅडम, हा पोरखेळ आहे का? बोर्ड फुल, पहिली सही झालेली, तुमची तपासणी झालेली. कारण लिहून द्या, नाहीतर सही करा. नाहीतर उद्यापासून घरी बसा. मी मुंबईहून दुसरा माणूस बोलावतो!"

बोलले की तसं करणारे माणूस होते ते. नाशिकमध्ये माझ्या लायसन्सला दुसरी नोकरी कुठे होती? पण मला तेव्हा नोकरीचं काहीच वाटत नव्हतं. डोळ्यांसमोर एकच होतं, की मी सही केली तर थोड्या वेळात हा माणूस या विमानात बसणार. माझ्यासमोर केस विंचरून उभा असलेला हा माणूस.

भाऊंनी मला बाजूला नेलं. त्यांचा चेहरा उतरला होता. चिडले असते तर बरं वाटलं असतं, पण ते दुखावले होते.

"बाई, माझ्या कामात खोट दिसली का तुला?"

"नाही भाऊ."

"मग सगळ्यांसमोर माझी अब्रू का काढतेस? इतक्या वर्षांत कुणी माझं काम परत उघडलेलं नाही."

मला रडूच फुटलं. शेडमध्ये मी कधीही रडले नव्हते, तसा पणच केला होता. पण त्या दिवशी राहवलं नाही. "भाऊ, त्यात तुम्ही बसणार आहात ना... म्हणून," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग बोर्डापाशी गेले, स्क्रू ड्रायव्हर काढला, आपला बिल्ला टांगला आणि शेपटाचा झरोका उघडायला बसले. साहेब मागून ओरडत होते, "देवरे, तुम्ही पण?" भाऊंनी वळूनही बघितलं नाही.

झरोका उघडला. भाऊंनी आत तोंड घातलं, हात घालून चाचपडलं. मग मी बघितलं. नव्या तारा, कप्प्या, गाठीच्या जागी व्यवस्थित पिळलेली लॉक वायर. भाऊंचं काम म्हणजे बघत राहावं असं. आत दुसरं काहीही नव्हतं. दिसेल तेवढ्या भागात धूळसुद्धा नव्हती.

"झालं समाधान?" साहेब म्हणाले. "करा बंद. आणि सही करा."

कॅप्टन घड्याळाकडे बघत होते. गावित खाली मान घालून उभे. भाऊंनी झाकण उचललं. आणि मी तिथेच उकिडवी बसून डोकं चालवत होते. 'अडकलं. येत नाही खाली.' माझ्या हातात तर मोकळं होतं. सगळ्यांच्या हातात मोकळं होतं. इथे मोकळं होतं... पण विमान इथे जमिनीवर सपाट उभं आहे. हवेत चढताना ते सपाट नसतं. नाक वर असतं, शेपूट खाली.

"शेपूट दाबा," मी म्हणाले.

"काय?"

"गावित, तुम्ही आणि साहेब शेपूट खाली दाबून धरा. नाक वर होऊ दे. मी आत बसते. भाऊ, तुम्ही झरोक्यातून बघा. एवढं एकदाच करा, मग मी जिथे म्हणाल तिथे सही करते."

साहेब काहीतरी बोलणार होते. कॅप्टन म्हणाले, "कर लेते हैं ना, मुझे ही तो उड़ाना है." आणि ते स्वतः गावितांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. छोटं विमान, दोन माणसांच्या भाराने त्याचं नाक उचललं जातं. मी आत बसले होते. समोरची काच वर वर गेली आणि मला शेडचा पत्रा दिसायला लागला.

आणि मागून, विमानाच्या पोटातून, काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला. हलकासा. खळ्ळ... आणि मग टक्.

भाऊंनी झरोक्यात तोंड घातलं.

"बाई... ओढ," भाऊ म्हणाले.

मी स्टिक ओढली. पोटापर्यंत आली.

"वर," भाऊ म्हणाले.

मी ढकलली. हलली नाही. दोन्ही हातांनी जोर लावला, पाय टेकवून लावला. भिंतीत रोवलेल्या खुंटीसारखी स्टिक जागच्या जागी!

"अडकलं," मागून भाऊंचा आवाज आला. झरोक्यात तोंड घालून, खांदा मुडपून बसलेल्या माणसाचा धापा टाकणारा आवाज. "येत नाही खाली."

तेच शब्द. तोच आवाज, तीच धाप. मी डोळे मिटून घेतले. स्टिक सोडून दिली.

भाऊंनी खांद्यापर्यंत हात आत घातला, बराच वेळ खुडबुड केली आणि बाहेर काढला. हातात एक बारीक पेन्सिल टॉर्च होता. काळा, मधोमध चिकटपट्टी गुंडाळलेला. कंपनीचा नव्हता. बोर्डवर त्याची आकृती नव्हती, त्याला बिल्ला नव्हता, त्यामुळे तो आहे की हरवलाय हे कुणी विचारणारच नव्हतं.

"मन्हा शे," भाऊ म्हणाले आणि तिथेच फरशीवर बसले.

कंपनीच्या टॉर्चला बॅटऱ्या नाहीत म्हणून त्यांनी भद्रकालीच्या बाजारातून स्वतःच्या पैशाने घेतलेला. काम करताना तोंडात धरायचे. आदल्या दिवशी घरी जाताना खिशात नाही हे लक्षात आलं होतं, पण स्कूटरच्या डिकीत असेल असं वाटलं. टॉर्च शेपटातल्या एका आडव्या पट्टीमागे जाऊन पडला होता, झरोक्यातून दिसणार नाही अशा जागी. विमान वर चढताना तो मागे घरंगळला असता आणि फळीच्या सांध्यात बसला असता. नाक वर, आणि खाली आणायला काही मार्ग नाही. धावपट्टी सोडल्यावर लगेच. मी पुढचं सांगत नाही, ज्यांना कळतं त्यांना कळेल.

कॅप्टन बाहेर जाऊन उन्हात उभे राहिले. भालेराव साहेबांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि "टेस्ट उद्या घेऊ" एवढंच म्हणून आत गेले. दुसऱ्या दिवशी टेस्ट झाली. भाऊ बसले होते, मी खाली धावपट्टीच्या कडेला उभी होते. विमान व्यवस्थित उडालं, व्यवस्थित उतरलं. आणि त्याच आठवड्यात स्टोअरमध्ये बॅटऱ्यांची अख्खी पेटी आली! इतके महिने कुठे अडकली होती ती मागणी, देव जाणे.

भाऊंना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. असं असं ऐकू आलं म्हणून. ते हसले नाहीत. म्हणाले, "बाई, हे दुसऱ्या कुणाला सांगू नको. तुला वेडी म्हणतील आणि मला मेलेला." त्यानंतर त्यांनी कधी विषय काढला नाही.

मी खूप विचार केला यावर. ऊन, थकवा, रिकामं पोट. नाहीतर असं असेल की भाऊंच्या तोंडात नेहमी दिसणारा टॉर्च त्या सकाळी दिसला नाही, हे माझ्या मनाने कुठेतरी टिपलं असेल आणि मला असं सांगितलं असेल. मी इंजिनीअर आहे, मला हे पटायला हवं. पटतंही, अर्धंमुर्धं. पण मन माझं असेल तर शब्द मला ठाऊक असलेले हवेत ना? भाऊ तासाभराने झरोक्यात तोंड घालून नेमकं काय बोलणार आहेत, हे माझ्या मनाला कसं कळलं?

दोन हजार सालानंतर कंपनी बंद पडली, आम्ही सगळे पांगलो. मधे काही वर्षं गेली आणि भाऊंच्या धाकट्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण आलं. देवळ्याला लग्न. मी आणि आमचे हे गेलो. मांडवात गर्दी, डीजेचा धिंगाणा. भाऊ आता पूर्ण शेतकरी झालेले, रंग रापलेला, फेटा बांधून स्वतः पंगतीत वाढत होते. मला बघून वाढपाचं भांडं दुसऱ्याकडे देऊन आले आणि मांडवाच्या मागे, कांद्याच्या चाळीपाशी खुर्च्या टाकून आम्ही बसलो. नातवंडं, गुडघेदुखी, कांद्याचा भाव असं सगळं बोलून झालं. मग एकदम म्हणाले,

"बाई, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा ना."

"त्या दिवशी तुले नेमकं काय ऐकू उनं व्हतं? तेवढंच, का अजून काही?"

मी त्यांच्याकडे बघितलं. फेट्याखाली घामाचे ओघळ, शर्टावर जिलबीच्या पाकाचा डाग, डोळ्यांत मुलगी सासरी जाणार म्हणून आलेलं पाणी.

"तेवढंच, भाऊ," मी म्हणाले. "'येत नाही खाली.' तिथेच थांबला आवाज."

त्यांनी मान हलवली. समाधान झाल्यासारखं वाटलं मला.

मी खोटं बोलले. आवाज तिथे थांबला नव्हता. त्यापुढचं मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही. इथे पहिल्यांदाच लिहितेय.

'येत नाही खाली' नंतर मी आत बसून वैतागत होते, तेव्हा अजून एक वाक्य आलं होतं. ते शेपटाकडून आलं नव्हतं. ते शेजारच्या रिकाम्या सीटवरून आलं, अगदी कानाशी. धाप नव्हती त्यात. जोर लावून लावून शेवटी हात सैल सोडलेला माणूस बोलतो तसं, शांत. भाऊंच्याच आवाजात, त्यांच्या घरच्या बोलीत.

"बाईना काही दोष नही."

शेडमध्ये तासाभराने भाऊ जे बोलले त्यात 'बाईचा काही दोष नाही' हे वाक्य नव्हतं. बोलायची वेळच आली नाही त्यांच्यावर. मग हे कोण, कुठे बसून बोललं? आणि कुणाला सांगत होतं? मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. मी सही का केली नाही याचं खरं कारण मात्र हेच आहे.

मांडवातून भाऊंना कुणीतरी हाक मारली. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, "जेवल्याशिवाय जायचं नाही हां, बाई," म्हणाले आणि पंगतीकडे निघून गेले.